मांजरपाटाचा तिसरा मजला

ते साल एकोणीसशे चौऱ्याहत्तर. गल्लीत तेव्हा सगळी बैठी घरं. प्रत्येकाला पुढे अंगण, आणि आपल्या अंगणात बसून दुसऱ्याच्या अंगणात काय चाललंय ते बघायची सोय. अशा गल्लीत पहिली इमारत बांधायला काढली ती शिवणमावशींनी.

हौस म्हणून नव्हे. त्यांची एकुलती एक लेक ठकू इस्पितळात नर्स होती, जावई बस चालवायचा. लग्नाला वर्ष झालं तरी दोघांना परवडेल अशी जागा शहरात मिळेना. शेवटी ठकूने लांबच्या गावी बदली मागायचं मनावर घेतलं. नवरा गेल्यावर मशीनच्या खडखडाटात मावशींनी ही पोर वाढवली होती. त्यांनी ठरवलं, घर पाडायचं आणि तिथे तीन मजल्यांत सहा बिऱ्हाडं बसवायची. वरचा मजला ठकूचा. खालची भाड्याने दिली की बांधकाम झेपण्यासारखं होतं.

समोरच्या मास्तरीणबाईंना ते मुळीच रुचलं नाही. "सहा बिऱ्हाडं म्हणजे सहा घरची भांडणं. आणि नळाला पाणी आत्ताच चिमणीच्या चोचीपुरतं येतं."

"तुमची भांडणं ऐकून कान किटलेत, बाई," मावशी म्हणाल्या. "जरा नवी ऐकू दे की गल्लीला."

मावशींना खरी काळजी होती ती उत्तरेच्या शेजाऱ्याची. घड्याळं दुरुस्त करणारे हे घड्याळजी मावशींच्या नवऱ्याचे जिवलग. त्यांचं टेबल दक्षिणेच्या खिडकीशी होतं, आणि केसाएवढ्या स्प्रिंगा ते तिथल्या उन्हातच बसवत. दिव्याखाली त्यांचे डोळे पाणावत. तिथे सावली पडली तर त्यांचा हातच थांबला असता.

भारी कापडाला कात्री लावायच्या आधी स्वस्त मांजरपाटाचं कच्चं शिवून बघायचं, ही मावशींची जन्माची सवय. इमारतीलाही त्यांनी तोच नियम लावला. गवंड्याकडून बांबूंची उंच परांची बांधून घेतली, ताग्यांमागून तागे जोडून घड्याळजींच्या बाजूची अख्खी भिंत शिवली आणि ती वर चढवली.

गल्ली कामधंदा सोडून बघत राहिली. तीन मजल्यांची पांढरी भिंत वाऱ्यावर श्वास घेत होती. ठकू फळ्यांवरून चढत आपल्या मजल्याच्या जागी जाऊन उभी राहिली. वरून म्हणाली, "आई, इथून नदी दिसते." त्या गल्लीत जन्म काढलेल्यांना नदी इतकी जवळ आहे हे ठाऊक नव्हतं.

दिवस ऐन उन्हाळ्याचे. कापडाची सावली घड्याळजींच्या भिंतीच्या पायथ्याशी आली आणि थांबली. "खुशाल बांधा, वहिनी," ते म्हणाले. कापड उतरलं, पाया खणला गेला.

थंडी पडली तेव्हा दोन मजले झाले होते आणि तिसऱ्याची परांची उभी होती. मावशी आपलं भिंतीवरचं घड्याळ आणायला शेजारी गेल्या आणि दारातच थबकल्या. टेबलावर बांबूंच्या सावल्यांचे पट्टे पडले होते. घड्याळजी चिमट्यात चक्र धरून एका पट्ट्यातून दुसऱ्यात हात सरकवत ऊन शोधत होते.

"हे कधीपासून, भावजी?"

"थंडी सुरू झाल्यापासून. सूर्य दक्षिणेला कलतो ना. मी घड्याळवाला, मला तरी सुचायला हवं होतं."

"आणि मी कोटाचं माप उघड्या अंगावर घेतलं," मावशी म्हणाल्या. "पण बोलला का नाहीत?"

"काय बोलू? ठकूला लांब पाठवा म्हणू?"

मावशींनी हे सांगितलं तसा ठकूचा पारा चढला. "मजला नको असेल तर सरळ सांग, आई. बदलीचा अर्ज टाकते."

"मजला होईल. पण त्याला मुंढा कोरावा लागेल."

गवंडी हसला. "मावशी, भिंतीला मुंढा?"

"बाही बसवायची तर मुंढ्याशी धड कापावं लागतंच, दादा."

दुसऱ्या दिवशी दुपारी मांजरपाट पुन्हा वर चढलं. या खेपेला वरच्या कोपऱ्याला दोर बांधले आणि ते खेचायला सगळी गल्ली लोटली. मास्तरीणबाईसुद्धा पदर खोचून आल्या. घड्याळजी आत टेबलाशी बसून सांगायचे, "अजून." दोर ओढला की कोपरा आत दुमडायचा. "अजून थोडं." जावयाने दोर खांद्यावरून कमरेला गुंडाळला. कोपरा आणखी आत गेला, आणि आतून आवाज येईनासा झाला.

मावशी आणि ठकू धावत आत गेल्या. टेबलभर ऊन सांडलं होतं. उघड्या घड्याळांची पितळी चक्रं पेटल्यासारखी झाली होती, आणि त्यांचे कवडसे छतभर थरथरत होते. शेकडो, इवले इवले, प्रत्येक आपल्या चालीने. घड्याळजी मान वर करून बसले होते. इतक्या वर्षांत आपल्या छताकडे त्यांनी कधी बघितलंच नव्हतं. मावशींना वाटलं, किती लांबून येतं हे ऊन, कोट्यवधी मैल, आणि शेवटच्या चार हातांवर आपणच त्याला अडवून उभ्या होतो.

बाहेर जावई ओरडला, "सोडू का? हात तुटले."

"सोडू नका," ठकू म्हणाली. ती खिडकीशी गेली. दुमडलेल्या कोपऱ्यात तिचं निम्मं स्वयंपाकघर गेलं होतं, आणि नदीकडची खिडकीही. ती एकदा वर कापडाकडे आणि एकदा छताकडे बघत राहिली. मग गवंड्याला म्हणाली, "इथेच खूण करा."

इमारत तशीच झाली. घड्याळजींना दुपारचं ऊन मिळालं. सकाळचं गेलं ते गेलंच.

गवंड्याने पुढे शहरात पुष्कळ इमारती बांधल्या. त्यातल्या काहींचे कोपरे कापलेले असत आणि मालक त्याच्याशी भांडत. मास्तरीणबाईंचं पाण्याचं भाकीत खरं ठरलं. गल्लीला आठवडेच्या आठवडे बादल्या घेऊन रांगेत उभं राहावं लागलं. म्हातारपणी एवढं घर झाडवेना म्हणून त्यांनी ते विकलं आणि मावशींच्याच तळमजल्यावर भाडेकरू म्हणून आल्या. सहा बिऱ्हाडांतली निम्मी भांडणं एकट्या त्यांची. घड्याळजींचा धंदा दहा वर्षांत बसला, लोक सेलवरची स्वस्त घड्याळं वापरू लागले. तरी ते त्या टेबलाशीच बसत, आणि तिथेच एका दुपारी गेले. जावई बसच्या नोकरीतून निवृत्त झाला, त्याचा उजवा खांदा मात्र त्या दोराने कायमचा दुखावला. मावशी शेवटपर्यंत मधल्या मजल्यावर शिवत होत्या.

ठकूने बदली मागितली नाही. हेडनर्स होऊन निवृत्त झाली. त्या चिंचोळ्या स्वयंपाकघरात तिने दोन मुलं वाढवली. कपाट तिथे कधी सरळ बसलं नाही, आणि दोघं एकदम आत आले तर एकाला आधी बाहेर पडावं लागे. नदी बघायची झाली की ती गच्चीवर जाई.