गोड माशाचा वर्तमानकाळ

इस्राएलमधल्या डिमोना गावच्या सूतगिरणीत कापसाचे गठ्ठे उचलून उचलून नेहेमियाच्या पाठीचा पार चोथा झाला होता. ठाण्याला असताना तो शाळेत इंग्रजी शिकवायचा. इथल्या शाळेत तशीच जागा निघाली, तेव्हा त्याच्या बायकोने, सिपोराने, त्याला लग्नातला कोट चढवला आणि बजावलं, "अहो, ते म्हणतील तसं करा. परत गिरणीत गेलात तर ही पाठ घरी आणू नका."

उमेदवारांची परीक्षा घ्यायला आलेले मेइरसाहेब मूळचे पोलंडचे. व्याकरण फळ्यावर शिकवणं त्यांच्या मते पाप होतं. वाक्य बोलायचं ते कृती करताना. हवेत असताना 'मी उडी मारतो आहे', खाली आपटल्यावर 'मी उडी मारली'. आजचा धडा वर्तमानकाळ आणि भूतकाळ. साधन साहेबांनी घरून आणलं होतं. त्यांनी भर वर्गात डबा उघडला.

आत त्यांच्या बायकोने केलेला मासा होता. म्हणजे एक राखाडी गोळा, डोक्यावर गाजराची चकती आणि बुडाशी थरथरणारा गार चिकट रस. नेहेमियाने वास घेतला. मिरची नाही, कोकम नाही, आणि चक्क साखर! कोणीतरी एका निरपराध माशाला चहात बुडवून मारलं होतं आणि वर गाजराने श्रद्धांजली वाहिली होती.

"नू, चला," साहेब म्हणाले, "वर्तमानकाळ."

नेहेमियाने गोळा तोंडात टाकला. "आय अ‍ॅम ईटिंग फिश."

"शाबास! आता भूतकाळ."

भूतकाळासाठी गिळणं भाग होतं. गोळा घशापर्यंत गेला, तिथली परिस्थिती पाहून आला आणि जिभेवर पुन्हा बसला.

"आय अ‍ॅम ईटिंग फिश," नेहेमिया परत म्हणाला.

पहिल्या बाकावर शेजारच्यांची रोनित होती. ती मराठीत म्हणाली, "काका, थुंका ना. मी नाही सांगणार कोणाला."

"काय म्हणते ती?" साहेबांनी विचारलं.

"उं," नेहेमिया म्हणाला. साहेबांना ते कौतुक वाटलं.

पण थोड्या वेळाने त्यांचाही धीर सुटला. "माझ्या बायकोचा मासा इतका वेळ कोणी चघळत नाही. काळ बदला, नाहीतर बाहेर दुसरा उमेदवार बसलाय."

नेहेमियाला गिरणी आठवली. नाकात जाणारी कापसाची लव, त्या लवेची काळी थुंकी, आणि त्याच गठ्ठ्यांवर नाक शिंकरणारा मुकादम. कशाची किळस जास्त, हे ठरवायला त्याने डोळे मिटले. मुकादम जिंकला. गोळा खाली गेला, गाजरासकट.

"आय एट फिश."

साहेबांचे डोळे पाणावले. "रविवारी आठवडा सुरू झाला की या! हा धडा सगळ्या वर्गांना द्यायचा. डबा मी पाठवत जाईन. तुम्हाला आवडला, हे ऐकून तर ती रोजच करेल."

नेहेमिया घराशी पोचला. सिपोराने आनंदात आधीच ठाण्याहून आलेलं कोकम घालून माशाचं लालभडक कालवण केलं होतं. वास दारापर्यंत आला आणि नेहेमिया उंबऱ्यावरूनच मागे फिरला. लग्नातल्या कोटासह भिंतीला धरून तो वाळूत ओकत राहिला.

"अगं बाई! नाही मिळाली का?"

"मिळाली," तो तोंड पुसत म्हणाला. "ते कालवण शेजारी दे. आणि भांडं परत मागू नकोस."