हात न लावता

डॉ. अनुपमा कर्णिक कायरोप्रॅक्टर होती, म्हणजे पाठीचा कणा हातांनी मोकळा करणारी डॉक्टर. कुणी हाडवैद्य म्हटलं की तिचा पारा चढायचा.

त्या रविवारी दुबईतल्या जबल अलीच्या कामगार कॅम्पमध्ये, मेसच्या हॉलमध्ये तिचं आरोग्य शिबिर होतं. प्लास्टिकचा कणा नाचवत ती समजावत होती, "जुने लोक मानायचे, मणका सरकतो, नस दबते, तो बसवला की खलास, शरीर आपोआप बरं! आता आम्ही अख्खा माणूस बघतो. त्याची झोप, त्याचं काम, त्याची काळजी."

समोर जांभयांची साथ पसरली होती.

तेवढ्यात गोदामात पेट्या उचलणारा, माण तालुक्याकडचा महादू आला. चार दिवस काटकोनात वाकलेला.

"मॅडम, बसवा मणका. यल्ला, चला लवकर!"

तिनं पाय उचलायला लावले, मुंग्या येतात का विचारलं, पाठ नीट निरखली. "मणका जागेवरच आहे की."

"असं कसं?" महादूचं तोंड एवढंसं झालं. "मग मी असा का?"

"झोप लागते?"

"न्हाय."

"कसली काळजी आहे?"

महादू लाजला. "आज गावाकडं बैलगाडा शर्यत हाय. आमचा सोन्या पळणार."

आणि त्याचा फोन वाजला. पडद्यावर नुसता धुरळा, हलगी आणि भावाची किंकाळी, "दादा, सोन्यानं फायनल मारली!"

महादू ताडकन उभा राहिला. सरळ! दुसऱ्या क्षणी तो बाकावर, तिसऱ्या क्षणी पठाण ड्रायव्हर हमदुल्लाच्या खांद्यावर.

"अरे हळू! पाठ!" अनुपमा ओरडली, पण तिलाच हसू आवरेना. हॉलभर ताटं बडवली जात होती.

"मॅडमने हाथ भी नहीं लगाया!" हमदुल्ला गरजला.

"हे औषध नाही रे, उद्या दुखेल!" ती डोळे पुसत म्हणाली. ऐकतंय कोण?

दुसऱ्या दिवशी दुखलंच, पण निम्म्यानं. तिनं सांगितलेले व्यायाम महादू सोन्याचा व्हिडिओ लावून करू लागला.

पुढच्या रविवारी मेसमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. रांगेतला पहिला गडी स्टुलावर बसला, पाठ दाखवायचं विसरूनच गेला आणि म्हणाला, "मॅडम, पोरीचा बारावीचा निकाल गुरुवारी आहे."

अनुपमानं खुर्ची जवळ ओढली. "बोला, कुठला विषय अवघड गेलाय?"