नीट बसता यावं म्हणून

मित्रांनो, मी एक जुनी रबरी उशी आहे. गोल, विटकरी रंगाची आणि मधोमध भोक असलेली. ते भोक पाहून पुष्कळ मुलांना मी पोहायची ट्यूब वाटते. तुमच्याच वयाच्या एका चिरंजीवांनी मला एकदा भरलेल्या टबात सोडलं होतं आणि वर स्वतः चढून बसले होते. पण माझं काम पाण्यातलं नाही. ज्यांना बसताना दुखतं, त्यांच्याखाली मला ठेवतात. त्यांचं वजन माझ्या कडांवर येतं आणि दुखरी जागा भोकावर अधांतरी राहते. ऐकायला हे अगदीच किरकोळ वाटेल. पण ज्याला बसताच येत नाही, त्याला विचारून पाहा.

माझा जन्म रबराच्या कारखान्यात झाला. रबर लाटून त्याचे पत्रे काढले, ते गोल कापले, कडा जोडल्या आणि वाफेच्या भट्टीत मला चांगलं भाजून काढलं. हवा भरायला एका बाजूला तोटी बसवली. मग तपासणाऱ्या बाईंनी मला पाण्यात बुडवून दाबलं. एकही बुडबुडा आला नाही, म्हणून मी पास झाले.

तिथून मी औषधांच्या दुकानात आले आणि सगळ्यात वरच्या फळीवर, कुबड्या आणि शेकायच्या पिशव्यांच्या शेजारी जाऊन पडले. मला मागायला लोक फार लाजत. "ती... ती गोल... बसायची..." असं काहीतरी पुटपुटत. दुकानदाराचा आवाज खणखणीत. तो विचारी, "मूळव्याध का?" की गिऱ्हाईक गुपचूप खोकल्याचं औषध घेऊन निघून जाई.

शेवटी एक नर्सताई आल्या. नुकतंच बाळ झालेल्या बायकांना घरोघरी जाऊन तपासायचं, हे त्यांचं काम. "मला लाजायला वेळ नाही," त्या म्हणाल्या, "ती खाली काढा." त्या दिवसापासून मी त्यांच्या मोठ्या पिशवीतून हिंडू लागले. ज्या घरी गरज असेल तिथे काही दिवस राहायचं, काम झालं की पुढच्या घरी. अशी मी किती घरं पाहिली याची गणती नाही. पण एक घर मात्र मी विसरू शकत नाही.

तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या होत्या. जिन्याला एकाच बाजूला कठडा. घरात तिघं राहत. सून शहरातली बस चालवायची, म्हणून सगळी गल्ली तिला ड्रायव्हरीण म्हणायची. तिचा नवरा बेकरीत कामाला होता. तो घरी यायचा तेव्हा त्याच्या भुवयांनाही मैदा लागलेला असायचा. आणि सासूबाई. त्यांनी उभा जन्म लाँड्रीत कपड्यांना इस्त्री करण्यात घालवला होता. त्यांना बसलेलं मात्र कुणी पाहिलं नव्हतं. चहा उभ्याने, भाजी चिरणं उभ्याने, जेवणसुद्धा ओट्याला टेकून उभ्यानेच. "आमच्या आईला बसायचं ठाऊकच नाही," मुलगा कौतुकाने सांगायचा.

मी त्या घरी पोचले तेव्हा चौथं माणूस नुकतंच आलं होतं. एक मुलगी, मुठी आवळून झोपलेली. तिचं येणं सोपं नव्हतं. बाळंतपण अडलं होतं. डॉक्टरांना चिमटा लावून बाळाला बाहेर काढावं लागलं. ड्रायव्हरिणीचं रक्त खूप गेलं आणि टाके बरेच पडले. बाळ ठणठणीत होतं. आई मात्र भिंतीला धरून चालत होती.

नर्सताईंनी मला फुंकून फुगवलं आणि खुर्चीवर ठेवलं.

"हवा निम्मीच भरायची," त्या म्हणाल्या. "टम्म फुगवलीस तर दगडावर बसल्यासारखं होईल. आणि तासन्‌तास बसून राहू नकोस. दूध पाजायला, जेवायला, तेवढ्यापुरतं."

ड्रायव्हरिणीने मला दोन्ही हातांत धरलं, आधी डावीकडे वळवलं, मग उजवीकडे. "माझ्या बसचं चाक याहून मोठं आहे," ती म्हणाली. हसायला गेली आणि टाके ओढले गेले म्हणून कळवळली. मग हलक्या आवाजात तिने विचारलं, "ताई, मी परत गाडी चालवू शकेन ना? आमची सीट दिवसभर हादरत असते."

"चालवशील. पण घाई केलीस तर नाही."

सासूबाई ओट्यापाशी उभ्या राहून हे ऐकत होत्या. "आमच्या वेळी असली थेरं नव्हती," त्या पुटपुटल्या. पण त्यांची नजर माझ्यावरून हलत नव्हती. मला वाटलं, यांना मी आवडलेली दिसत नाही.

त्यानंतर बाळ बघायला माणसं येऊ लागली. नाक कुणावर गेलं, कान कुणाचे, याच्या चर्चा झडल्या. आईला कुणी विचारलंच तर ती म्हणायची, "मी ठीक आहे." त्यावर लगेच कुणीतरी म्हणायचं, "बाळ चांगलं आहे ना, मग झालं तर!"

एका दुपारी नवऱ्याची मावशी आली. अंगाने चांगली भरभक्कम. घरातली हात असलेली एकुलती एक खुर्ची तिने गाठली आणि ती थेट माझ्यावर बसली. माझ्या आतली हवा कण्हली. "अगं बाई, काय मऊ आहे! कुठून आणलीत?" असं म्हणून ती जी बसली, ती ऊन उतरेपर्यंत हलली नाही. ड्रायव्हरीण भिंतीला टेकून उभी होती. ओठांवर हसू आणि वरच्या ओठावर घामाचे थेंब. मावशीला उठवायचं कसं, हे तिला सुचेना. मोठी बस अरुंद गल्लीतून काढणारी बाई, पण पाहुणीला खुर्चीतून हलवणं तिला जमलं नाही.

त्याच्या दुसऱ्या दिवसापासून ती माझ्यावरही बसेना. टेकायची आणि पटकन उठायची. जागा ठणकत होती, अंगात कसकस होती. पण सगळ्यांनाच असं होतं, आपणच नाजूक, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं.

संध्याकाळी नवरा घरी आला, तेव्हा ती खिडकीशी उभी राहून बाळाला पाजत होती. सासूबाई कपड्यांना इस्त्री करत होत्या. त्यांची इस्त्री मधेच थांबली.

"उभ्याने का पाजतेस?"

"असंच."

"असंच कुणी उभ्याने पाजत नाही. बसवत नाही का?"

ड्रायव्हरिणीने मान हलवली आणि तिचे डोळे भरून आले. सासूबाईंनी इस्त्री बाजूला ठेवली, तिच्या कपाळाला हात लावला आणि तो चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जायचं," त्या मुलाला म्हणाल्या.

"आई, उद्या नर्सताई येणारच आहेत. तेव्हा दाखवू की."

"उद्या नाही! मीही तेव्हा 'उद्या बघू' म्हणाले होते."

"तेव्हा म्हणजे कधी?"

"गाडी बोलव म्हणते ना!"

त्यांचा असा आवाज मुलाने आजवर ऐकला नसावा. तो मैद्याच्या भुवयांसकट जिन्यावरून धावत सुटला. ड्रायव्हरीण आणि बाळ दवाखान्यात गेली. घाईत मी मात्र खुर्चीवरच राहिले.

टाक्यांच्या आत पू धरला होता. डॉक्टरांनी जखम उघडली, धुऊन काढली, सलाइन लावलं. आणखी एक दिवस गेला असता तर विष रक्तात पसरलं असतं, असं त्यांनी नवऱ्याला स्पष्ट सांगितलं. हे सगळं मला नंतर, घरातल्या बोलण्यावरून कळलं.

सकाळी नवरा कपडे न्यायला आला आणि "ताप उतरतोय" असं सांगून परत गेला. सासूबाई घरात एकट्या राहिल्या. त्यांनी केर काढला, भांडी घासली. मग दाराला कडी लावली. खिडकीचा पडदा ओढला. माझ्यासमोर येऊन त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता मला अडगळीत टाकणार.

त्यांनी खुर्चीचे दोन्ही हात धरले आणि त्या हळूहळू, चोरासारख्या, माझ्यावर बसल्या.

"आई गं," त्या पुटपुटल्या. ते दुखण्याचं 'आई गं' नव्हतं. ओझं खाली ठेवताना माणूस म्हणतं, तसं होतं. त्या रडल्या नाहीत. नुसत्या बसून राहिल्या, हात मांडीवर ठेवून, एखाद्या पाहुण्यासारख्या. मग उठून त्यांनी चहा केला, आणि तो बसून प्यायल्या.

ड्रायव्हरीण घरी परतली तेव्हा मला नवा अभ्रा शिवलेला होता. मऊ, जुन्या चादरीचा, धुऊन इस्त्री केलेला. तिने तो निरखला आणि सासूकडे पाहिलं.

"आई, तुम्ही हिच्यावर बसलात?"

"मी कशाला बसू? मला काय धाड भरली आहे?"

"मग हवा कमी कशी झाली?"

सासूबाई अभ्र्याच्या कडेवरून बोट फिरवत म्हणाल्या, "तुझ्या नवऱ्याच्या वेळी माझं माकडहाड दुखावलं. मोठं डोकं होतं त्याचं, आजही आहेच. बसलं की मस्तकापर्यंत कळ जायची. मी म्हटलं, उद्या बघू, होईल बरं. मग मी बसायचंच सोडून दिलं. लाँड्रीत उभ्याचं काम होतं, ते बरं पडलं."

"आणि कुणाला सांगितलं नाहीत?"

"ही काय सांगायची जागा आहे?"

"उद्या नर्सताई येतील. त्यांना सांगायचं."

"आता माझं काय वय राहिलंय दुखणं सांगायचं?"

"दुखायचं वय आहे ना? मग सांगायचंही आहे."

सासूबाई नाही नाही म्हणत राहिल्या. पण दुसऱ्या दिवशी नर्सताई आल्या, तेव्हा सुनेने सासूबाईंचा दंडच धरून ठेवला होता. सांगताना सासूबाई भिंतीकडे बघत होत्या.

त्यानंतरचे दिवस सावकाश गेले. जखम आतून भरत यायची होती आणि तिला घाई करता येत नव्हती. ड्रायव्हरीण रोज कोमट पाण्याच्या टबात बसायची. आधी खिडकीपर्यंत, मग दारापर्यंत चालायची, मग एक मजला उतरून चढून यायची. नर्सताईंनी तिला व्यायाम दिला, लघवी अडवून धरताना ओढतो ते स्नायू आत ओढायचे आणि सोडायचे.

"म्हणजे ब्रेक दाबा, ब्रेक सोडा," ड्रायव्हरीण म्हणाली.

"हो, पण इंजिन बंद करू नकोस. श्वास चालू ठेव."

काही दिवस तिला रडू यायचं, विनाकारण. काही दिवस वाटायचं की आपण पूर्वीसारख्या कधीच होणार नाही. तेव्हा नवरा बाळाला खांद्यावर टाकून फेऱ्या मारायचा आणि तिला झोपू द्यायचा. मावशी पुन्हा आली, तर सासूबाईंनी दारातच एक लाकडी स्टूल पुढे केलं. "खुर्ची बाळाच्या आईची आहे," त्या म्हणाल्या. मावशी जरा फुगली, पण स्टुलावर बसली. आणि मग त्या दिवशी लवकर उठलीही.

सासूबाईंना मोठ्या डॉक्टरांनी तपासलं. हाड वाकडंच जुळलं होतं, ते आता सरळ होणार नव्हतं. पण इंजेक्शनने आणि व्यायामाने कळ कमी होईल, आणि बसायला मागे खाच असलेली गादी घ्या, असं त्यांनी सांगितलं. ती गादी मिळेपर्यंत मी दोघींची होते. दूध पाजायच्या वेळी सुनेची, इतर वेळी सासूची. कधी दोघींनाही एकदम हवी असायची, तेव्हा "तुम्ही घ्या", "नाही, तू घे" असं इतकं चालायचं, की दोघी उभ्याच राहायच्या.

एके दिवशी नवरा कामावरून आला तर टेबलाशी तिघी होत्या. बाळ आईच्या मांडीवर, आई साध्या खुर्चीवर, आणि माझ्यावर सासूबाई. समोर ताट. तो दारातच थबकला.

"आई, तू बसलीस?"

"दिसतंय ना."

"मला वाटायचं, तुला उभ्यानेच जेवायला आवडतं."

सासूबाईंनी घास खाली ठेवला. "उभ्याने जेवायला कुणाला आवडतं रे?"

हात न धुताच त्याने खुर्ची ओढली आणि आईच्या शेजारी बसला. त्याने तिला वाढलं. तिने "पुरे" म्हटलं, तरी आणखी थोडं वाढलं. बराच वेळ कुणी उठलं नाही.

ड्रायव्हरीण पुढे कामावर गेली. आधी लहान फेऱ्या, मग नेहमीच्या. मला तिने सोबत नेलं नाही, गाडी चालवताना सरकणारी उशी धोक्याची असते. हवामान बदललं की टाक्यांची जागा तिला अजून जाणवते, असं ती नर्सताईंना सांगायची. पण ती सांगायची, हे महत्त्वाचं.

मग मी पुढच्या घरी गेले, आणि त्याच्याही पुढच्या. नर्सताई निवृत्त झाल्या. त्यांच्या जागी आलेल्या नव्या ताई नव्या प्रकारच्या गाद्या वापरतात. आता मी एका कपाटात घडी होऊन पडले आहे. कुणी पावडर लावली नाही म्हणून माझं रबर चिकट झालं आहे आणि तोटीजवळ चीर गेली आहे. त्याचं मला फारसं दुःख नाही. रबर म्हातारं होतंच.

मित्रांनो, तुमच्या घरात उशा असतील, गाद्या असतील, त्या जपा, हे मी सांगायला नको. मला सांगायचं आहे ते वेगळंच. तुम्ही कधी नवं बाळ बघायला गेलात, तर बाळाला जरूर बघा, ते गोडच असतं. पण खोलीतली चांगली खुर्ची आधी त्याच्या आईसाठी सोडा आणि तिला विचारा, "तुला बरं वाटतंय का?" ती "मी ठीक आहे" म्हणेल. बहुतेक सगळ्या तसंच म्हणतात. तुम्ही लगेच बाळाकडे वळू नका. थोडं थांबा, आणि पुन्हा एकदा विचारा.