फोटोत नसलेली खिडकी

मावशींनी पत्र्याची पट्टी भिंतीला तिरकी लावली आणि ऑइलपेंटचा हातभर लांब पापुद्रा सोलून काढला. खाली फिका निळा रंग होता, त्याच्या खाली चुना. चुना दिसला की थांबायचं, असं ठरलेलं होतं. त्या थांबल्या आणि तळहाताने भिंत पुसली.

"मावशी, अहो अख्खं घर सोलून पिशवीत घालून नेणार का काय?" गवंडी मागून म्हणाला.

"तुझ्यापुरतं ठेवते हो. उपाशी नको राहायला."

शिडी धरून उभे असलेले तात्या इतके हसले, की शिडीच हलायला लागली.

गावात त्यांना खरवडमंडळ म्हणत. गल्लीच्या टोकाची दोन जुनी घरं पाडून तिथे मोटारींसाठी पत्र्याच्या शेड उभ्या राहिल्या, तेव्हा उरलेली पाच तरी वाचवावीत म्हणून काही जण दर रविवारी जमू लागले होते. कुणी खरवडायचं, कुणी चुना कालवायचा, कुणी नुसतंच सल्ले द्यायचे. सल्ल्यांचं खातं तात्यांकडे होतं. मावशींनी जन्मभर लोकांचे कपडे शिवले. आता डोळे सुईला साथ देत नव्हते, पण भिंतीला देत होते. एकही रविवार त्यांनी चुकवला नव्हता. नेम म्हणजे नेम.

आणि हे घर तर त्यांचंच. भाड्याचं होतं, पण लहानपण इथलं.

आर्किटेक्टबाई आत आल्या, त्या काखेत मोठा करून घेतलेला जुना फोटो घेऊनच. त्या या गावच्या नव्हत्या, पण मंडळाला शिस्त त्यांनीच लावली होती. त्यांनी फोटो भिंतीला टेकवला, बाहेर जाऊन घर बघून आल्या आणि पुन्हा फोटोसमोर उभ्या राहिल्या.

"डावीकडच्या खोलीची ती छोटी खिडकी. ती यात नाहीये."

"ती चकणी होय?" तात्या म्हणाले. "ती नसायचीच. दाराशी जुळत नाही, बाकीच्या खिडक्यांशी जुळत नाही. कुणीतरी पहारीने भगदाड पाडल्यासारखी दिसते."

"मग बुजवायची. फोटोत जे नाही ते काढायचं, हे आपलंच ठरलंय. मागच्या घराचा सज्जा काढला तेव्हा ती माणसं रडत होती. तरी काढला ना आपण?"

"अर्ध्या दिवसाचं काम आहे," गवंडी म्हणाला. "विटा आहेतच."

मावशींनी पट्टी खाली ठेवली.

"वडिलांनी फोडली ती," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज मुळातच हळू, त्यामुळे सगळ्यांना काम थांबवावं लागलं. "आई त्या खोलीत पडून असायची. डॉक्टर म्हणाले, हवा पाहिजे. वडिलांना कुठलं गवंडीकाम येतंय. जमली तशी फोडली. मी शाळेतून यायचे तेव्हा आई तिथून मला बघायची. हात करायची."

तात्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने उगाचच पुसला.

"मला माहीत नव्हतं," आर्किटेक्टबाई म्हणाल्या. थोड्या वेळाने त्यांनी फोटो उचलला. "घरात राहिलेल्या माणसाकडे कारण असेल तर ठेवता येतं. तेही आपणच ठरवलंय. जेवून सगळे परत आले की तुम्ही हे सगळ्यांसमोर सांगाल? तुमच्या तोंडून?"

"सांगेन की."

जेवायला मंडळी आपापल्या घरी गेली. मावशींनी डबा आणला होता, पण तो उघडला नाही. त्या डावीकडच्या खोलीच्या उंबऱ्याशी जाऊन उभ्या राहिल्या.

या खोलीत त्या कधीच गेल्या नव्हत्या. आजार लागेल म्हणून दाराला पडदा असे, आणि पडद्याच्या अलीकडे एक पाट आडवा टाकलेला. पाट ओलांडायचा नाही. आई गेली, खोली धुऊन कुलूप लावलं आणि महिना व्हायच्या आत बिऱ्हाड हललं. पुढे मालकाने तिथे अडगळ भरली, खिडकीला फळ्या ठोकल्या. गवंड्याने आजच सकाळी खोली मोकळी करून त्या फळ्या उचकटल्या होत्या. ही खिडकी त्यांना ठाऊक होती ती बाहेरूनच. कठड्याच्या वर आलेला एक हात, बारीक मनगटाचा. चेहरा कधी दिसला नाही. पण हात असे. शाळा लवकर सुटली तरी असे. नवा गणवेश मिळाला, त्या दिवशी भर गल्लीत त्यांनी स्वतःभोवती गिरकी घेतली होती, परकराचा घेर दिसावा म्हणून. हात किती वेळ हलत होता.

त्यांनी उजवा पाय आत टाकला.

खोली मनातल्यापेक्षा खूपच लहान होती. खिडकीखालच्या फरशीवर पलंगाच्या पायांचे चार खळगे अजून होते. मावशी ते बघत राहिल्या. मग बाहेरून त्यांनी विटा आणल्या, चार-चार करून. खळग्यांच्या जागी त्या रचल्या आणि वर परांचीच्या दोन फळ्या टाकल्या. साडी आवरून, एका हाताने भिंत धरत त्या त्यावर आडव्या झाल्या. पिशवीची घडी करून डोक्याखाली घेतली. आणि खिडकीकडे पाहिलं.

आभाळ होतं. समोरच्या कौलांची कड होती, पन्हळ होती. त्यापलीकडे काही नव्हतं.

त्या थोड्या वर सरकल्या. मग कुशीवर झाल्या. मान उचलली तेव्हा समोरच्या घराच्या भिंतीचा वरचा तुकडा दिसला. गल्ली उंच जोत्याच्या खाली राहिली, पार खाली. कठडाच आड येत होता. आईला तर शेवटी शेवटी कूस बदलायलाही वडील लागत.

मावशींनी मान खाली टेकली.

म्हणजे गिरकी दिसली नव्हती. लाल रिबिनी दिसल्या नव्हत्या, वार्षिक परीक्षेनंतर उंच धरून नाचवलेलं प्रगतिपुस्तकही नाही. कुठल्याही रस्त्याने चालताना त्यांची पाठ आपोआप ताठ होई. सासरी गेल्यावर होई, दुकानाच्या पायऱ्या चढताना होई, नवऱ्यामागे एकटीने बाजार करताना होई. वरून कुणीतरी बघतंय, आपण नीट चालावं. लोक म्हणत, मावशींची चाल बघा या वयातही. त्यांना आता त्या फळीवर आपली पाठ फार दुखते आहे असं जाणवलं.

आणि थोड्या वेळाने सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं होतं. खोटं त्यांच्या जिभेवर कधी टिकत नसे. खरं सांगितलं तर विटा तयारच होत्या. त्यातल्या काहींवर त्या पडल्या होत्या.

बाहेर गल्लीत चप्पल घासल्याचा आवाज आला. मग काठीचा. पुन्हा चप्पल.

"तात्या, इतक्यात उरकलं जेवण?" मावशी पडल्या पडल्याच म्हणाल्या.

आवाज थबकले.

"आं? कुठून बोलताय? दिसतोय का मी तुम्हाला?"

"नाही."

"मग मीच आहे कशावरून? चोर असतो तर?"

मावशींचा हात तोंडावर गेला होता.

तात्या काहीतरी पुटपुटत पुढे गेले. चप्पल, काठी, चप्पल. गल्लीच्या दगडांवरून तो आवाज भिंतीला लागून वर चढत होता आणि सरळ उशाशी येत होता.

शाळेत असताना मावशींच्या एका सँडलचं बक्कल तुटलेलं होतं. कितीतरी दिवस. धावताना ते दगडावर फटाफट वाजे आणि वर्गातल्या मुली त्यांना फटफटी म्हणत. त्या रडून रडून वडिलांच्या मागे लागल्या, तेव्हा एका संध्याकाळी वडील आरी आणि दोरा घेऊन दिव्याखाली बसले. पडद्याआडून आईचा आवाज आला होता. 'अहो, राहू दे ते. आहे तेच बरंय.' वडील थोडा वेळ तसेच बसले. मग त्यांनी आरी पेटीत ठेवून दिली. आईला आपली दयाच येत नाही, असं वाटून त्या रात्री त्या जेवल्या नव्हत्या.

मावशी खूप वेळ तशाच पडून राहिल्या. एकेक जण परत येत होता. गवंड्याच्या सायकलची सैल साखळी. आर्किटेक्टबाईंचे भरभर पडणारे बूट. त्यांनी डोळे मिटले होते. ते उघडण्याची गरज पडत नव्हती.

सगळे ओसरीवर जमले तेव्हा त्या उठून आल्या. केसांना विटेची धूळ लागली होती.

"मी सकाळी चुकीचं सांगितलं," त्या म्हणाल्या. "त्या खिडकीतून रस्ता दिसत नाही. आईने मला कधी पाहिलं नसणार."

"अहो मावशी!" तात्या म्हणाले. "कुणी विचारलं होतं का तुम्हाला?"

"मला सांगायला पाहिजे होतं."

आर्किटेक्टबाईंनी फोटो या हातातून त्या हातात घेतला. "मग... कारण राहत नाही ना."

"तुम्ही जरा आत जाऊन पडता का? फळ्या मांडल्यात मी. डोळे मिटून पडा. आम्ही बसतो इथे."

"मी?"

"तुम्हीच."

बाई आत गेल्या. बाकीच्यांना काय करावं सुचेना, म्हणून त्यांनी नेहमीचंच केलं. तात्यांनी चुना पातळ झालाय असं जाहीर केलं. गवंडी म्हणाला, पातळ चुना नाही, तुमचा चष्मा झालाय. दोघे भांडत गल्लीतून नळाकडे गेले आणि बादली भरून भांडतच परत आले. कुणाची तरी सून निरोप घेऊन आली आणि गेली. मावशी पायरीवर बसून होत्या.

बाई बऱ्याच वेळाने बाहेर आल्या. त्या कुणाकडे बघत नव्हत्या. त्यांनी गवंड्याला टेप दिली.

"त्या खिडकीचं माप घ्या. आहे तश्शी ठेवायची. वाकडी तर वाकडी."

गवंड्याने एकदा त्यांच्याकडे, एकदा मावशींकडे पाहिलं आणि कानामागची पेन्सिल काढली. "मग चौकट करून काच बसवू. जाड घेऊ ना, चांगली?"

"काच नको," मावशी म्हणाल्या.

"अहो, काच नको कसं? पुढे इथे वाचनालय होणार. माणसं शांत वाचत बसायची आणि गल्लीतला सगळा कालवा आत येईल."

"येऊ दे," मावशी म्हणाल्या.