वैशाखातली घोंगडी

मी एक जुनी घोंगडी आहे. काळी, जाड आणि अंगाला चांगलीच टोचणारी. टोचणे हा आमच्या जातीचा गुण आहे. ज्याला मऊ हवे त्याने खुशाल शाल घ्यावी. मित्रांनो, हे आधीच सांगून टाकते, कारण कोकणात आल्यापासून माझ्या टोचण्यावर सगळ्यांनी तोंडसुख घेतले आहे.

माझा जन्म घाटावरचा. मेंढ्यांची लोकर कातरून तिचे सूत काढले, मला मागावर विणले आणि चिंचोक्यांच्या खळीने ताठ केले. मग एका फिरत्या विक्रेत्याच्या खांद्यावर बसून मी आंबा घाट उतरले. १९२५ च्या सुमाराची ही गोष्ट. रत्नागिरीच्या बाजारात मला पावस गावच्या गंगारामने विकत घेतले. तो गलबतावर खलाशी होता. पावसाळ्यात तेवढा घरी असायचा, एरवी समुद्रावर.

सुरुवातीची वर्षे झकास गेली. भातलावणीत मी डोक्यावर असले की कितीही सरी कोसळोत, पाठ कोरडी राहायची. गंगारामची आई येसूबाई शेजारणींना ऐकवायची, "घोंगडी असावी तर अशी!" मी नुसती फुगून जायची.

मग गंगारामचे लग्न झाले आणि मंडणगडाकडची मथुरा घरात आली. काय तिचा आवाज! तिने परसातून गाईला हाक मारली की वाडीतल्या सगळ्या गाई मान वर करायच्या. कामाचा उरक असा की येसूबाईलाही बोट ठेवायला जागा सापडत नसे.

चार-पाच वर्षांनी मात्र काहीतरी बिघडले. मथुरा सकाळी उठायची तीच दमलेली. विहिरीवरून घरी येईपर्यंत दोनदा कळशी खाली ठेवायची. तिचा आवाज जाड झाला, तोंड सुजल्यासारखे दिसू लागले, केस फणीत येऊ लागले. आणि तिला थंडी वाजायची. आधी पावसात, मग दिवाळीत, मग चैत्रातही ती मला अंगावर ओढून घ्यायची. माझ्यात होती नव्हती तेवढी ऊब मी तिला दिली, पण तिचे हातपाय काही गरम होईनात.

येसूबाईने तिला आळशी ठरवले, आणि मलाही सोडले नाही. "या घोंगडीनंच हिला सुस्त केलीन!" म्हणत तिने मला पेटाऱ्यात कोंडले. मथुरा फाटक्या गोणपाटात कुडकुडत झोपली तेव्हा कुठे मला बाहेर काढले. मग येसूबाईने सुनेच्या अंगात बळ यावे म्हणून देवाला उपास बोलून ठेवले. ते करायचे मात्र सुनेने! सोमवार, गुरुवार आणि शनिवार. उरलेल्या दिवशी सगळ्यांची जेवणे झाली की मडक्याच्या तळाची पेज तिच्या वाट्याला येई. येसूबाई दुष्ट नव्हती बरे का. तिच्या सासूनेही तिला असेच वागवले होते.

एका वैशाखात गंगाराम घरी आला तेव्हा येसूबाईने विषय काढला.

"हिला माहेरी पोचव. बोटी बंद व्हायच्या आत जा. आणि तिकडंच राहू दे."

"कायमची?" गंगारामने विचारले.

"माज्या हातून आता व्हत नाय रे. घर कोण सांभाळील? दुसरी बघू. आणि ती घोंगडी पण ने तिच्याबरोबर, मागं काय ठेवू नको."

गंगारामने तिचे बोचके बांधले. मथुरेने मला अंगाभोवती ओढून घेतले. तिला भांडण्याचेसुद्धा त्राण नव्हते.

भाट्याची खाडी तरीच्या होडीतून ओलांडून आम्ही रत्नागिरीच्या बंदरावर आलो. आगबोट लांब उभी होती. उतारूंना तिथवर नेणाऱ्या होड्या भरत होत्या. उन्हाने माणसे हैराण झाली होती. जो तो पंच्याने वारा घेत होता. त्या गर्दीत एकटी मथुरा मला गळ्यापर्यंत गुंडाळून बसली होती. पोरे हसत होती. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

शहरातले एक डॉक्टर पाहुण्यांना पोचवायला आले होते. ते आमच्याकडे बघत राहिले, मग सरळ जवळ आले.

"ताप आहे का बाईंना?"

"नाय साहेब, तिला सदाचीच थंडी," गंगाराम म्हणाला.

त्यांनी मथुरेचा हात हातात घेतला. बराच वेळ नाडी पाहिली. पापणी खाली ओढून पाहिली; आत लाली नावालाही नव्हती.

"आवाज पहिल्यापासून असाच?"

"नाय ओ. हिची हाक खाडीपार जायची."

"जेवता कधी आणि काय?"

"सगळ्यांचा झाल्यावर जेवतंय," मथुरा म्हणाली. "तीन दिस उपास. अंगात बळ यावा म्हणून."

"बळ यावं म्हणून उपाशी?" डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "अहो, यांच्या अंगात रक्त कमी आहे. आणि गळ्यात एक ग्रंथी असते, शरीराची शेगडीच म्हणा. ती मंदावली आहे. या आळशी नाहीत, आजारी आहेत."

"आजारी हाय मी?" मथुरेने विचारले. आणि मित्रांनो, ती हसली! हसता हसता रडली. आजारी आहोत हे ऐकून कुणाला एवढे हायसे वाटलेले मी कधी पाहिले नव्हते.

आगबोटीचा भोंगा झाला. होडीवाला ओरडू लागला. गंगारामने बोचके उचलून खांद्यावर टाकले आणि मथुरेला घेऊन तो डॉक्टरांच्या दवाखान्याच्या वाटेला लागला.

डॉक्टरांनी मुंबईहून गोळ्या मागवल्या. त्या मेंढीच्या गळ्यातल्या ग्रंथीपासून करतात, हे ऐकून माझी तर छातीच फुगली. मला बाहेरून जे वर्षानुवर्षे जमले नाही, ते त्या इवल्याशा गोळीने आतून करायचे होते. मला राग आला नाही. घरचीच होती ती! सोबत रक्तासाठी लोहाचे कडू औषध होते, आणि सक्त ताकीद होती: उपास बंद, नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी, भाजी, मासळी वेळच्या वेळी. गोळ्या मात्र जन्मभर.

घरी आल्यावर येसूबाईने सगळे ऐकून घेतले.

"म्हंजे मी आजारी पोरीला उपाशी ठेवली," ती म्हणाली. मग म्हणाली, "पन देवाला बोललेला मोडता येत नाय."

मथुरेचा चेहरा पडला.

"ते उपास आता मी करीन. तू माज्या आधी जेवायचा."

आणि तिने ते केले. ज्या दिवशी तिचा उपास असे, त्या दिवशीही सुनेचे ताट वाढून ती समोर बसायची.

गुण काही चुटकीसरशी आला नाही. मधूनच मथुरा पुन्हा गळून जायची, मग येसूबाईच म्हणायची, "पड गो वाईच, काम काय पळून जात नाय." दळण दोघींत वाटले गेले. हळूहळू कळशी एका दमात घरी येऊ लागली.

पुढच्या वैशाखात अंगणात फणसाचा रस थापून साठे वाळत घालायचे काम चालले होते. ऊन मी म्हणत होते. मी शेजारीच दोरीवर होते. मथुरेने एकदम पदराने तोंड पुसले आणि म्हणाली, "आगो बाय, काय उकडतंय!"

येसूबाईचा हात जागीच थांबला.

"काय म्हणालीस? परत बोल."

"उकडतंय म्हटला, आत्या."

येसूबाई उठली. तिने सुनेच्या कपाळाला हात लावला. तो घामाने ओला झाला. ती आपल्या ओल्या तळव्याकडे बघत राहिली आणि तोंडात पदर घालून हुंदके देऊ लागली. मथुरा आधी घाबरली, मग तिला जवळ घेऊन बसली.

त्याच दिवशी माझी घडी माळ्यावर गेली. आमच्यातल्या बहुतेकींना माळ्यावर टाकले की वाईट वाटते. मला वाटले नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातले कुणी सारखे दमत असेल, तर त्याला नावे ठेवण्याआधी त्याचा हात हातात घ्या. तो जेवला का, ते विचारा. त्याला डॉक्टरकडे न्या. आणि औषध सुरू झाले की ते कंटाळून सोडू देऊ नका. माझ्यासाठी वर्षातून एकदा ऊन आणि थोडा कडुलिंबाचा पाला पुरे. खाली येण्याची मला मुळीच घाई नाही.