सोडलेला शब्द

आषाढी एकादशीच्या आदल्या दुपारी पारनाक्याजवळच्या देवळात बायका चातुर्मासाचे नेम सांगायला जमत. सांगायचे ते रंगूबाईंना. रंगूबाई तिथं रोज पोथी वाचत, आणि कोण काय सोडणार, कोण काय धरणार हे त्यांच्या कानावर घातल्याशिवाय नेम पक्का झाल्यासारखं कल्याणातल्या त्या गल्लीला वाटतच नसे. वय साठीच्या पुढचं, अंगावर विधवेचं आलवण, नाकावर घसरणारा चष्मा, आणि बोलायला कुणाची भीड नाही.

त्रेपन्न सालची ही गोष्ट. कुणी लक्ष वाती धरल्या, कुणी वांगी सोडली. मारुतीच्या आईनं चहा सोडला आणि लगोलग विचारूनही घेतलं, "कॉफी घेतली तर नेम मोडत नाही ना हो?"

"नाही मोडत," रंगूबाई म्हणाल्या. "देवाला फसवायचंच ठरवलंयस, तर मी कोण मधे पडणार?"

बायका हसल्या. मग रंगूबाईंनी खांबाला टेकून बसलेल्या सरोजकडे पाहिलं. "तुझं काय गं?"

"तुम्ही सांगाल ते," सरोज म्हणाली. "मला काहीही चालेल."

रंगूबाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला आणि परत लावला. "तेच सोड."

"काय?"

"चालेल. कार्तिकीपर्यंत हा शब्द तोंडातून काढायचा नाही. वांगं सोड म्हणावं, तर तुला ते आवडतं की नाही हे तरी ठाऊक आहे का? तुझ्याजवळ सोडण्यासारखं एवढंच दिसतंय मला. आणि रोज दिवेलागणीला इथं येऊन सांगायचं, आज कुठं अडलीस."

यावर तर बायका पदर तोंडाला लावून हसल्या. सरोजही हसली. तिला वाटलं, यापेक्षा सोपा नेम नाही.

सरोज लग्न होऊन कल्याणात आली त्याला आठ वर्षं झाली होती. नवरा प्रभाकर मुंबईला रेल्वेच्या कचेरीत जाई. घरात सासूबाई, त्यांना सगळे माई म्हणत, आणि सहा वर्षांची सुमती, म्हणजे सुमी. भाड्याच्या तीन खोल्या, मागं तुळस. सुनेचं कौतुक करताना माई नेहमी एकच सांगत, "आमच्या सरोजला कधी काही नको असतं आणि कधी काही हवं नसतं." सरोजला ते ऐकून बरं वाटे.

नेमाचं ऐकून माईंनी कपाळाला हात लावला. "रंगूबाईंचं डोकं फिरलंय. पण घेतलास ना? मग पाळायचा. या घरात कुणाचा नेम मोडलेला नाही." माई स्वतः जीव की प्राण असलेली वांगी दरवर्षी सोडत. नेमाच्या बाबतीत त्या कुणाचं ऐकून घेत नसत.

द्वादशीला पारणं झालं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी विळीवर बसून माईंनी विचारलं, "दोडका चिरू की कारली?"

"चा..." सरोजनं तोंडावर हात ठेवला.

"सांग लवकर. प्रभाकरची गाडी चुकेल."

सरोज दोडक्याकडे पाहत राहिली, मग कारल्याकडे. असं काही विचारलं की आत पाहायचं असतं, हे तिला माहीतच नव्हतं. "कारली," ती म्हणाली. मग तोंडातून निसटलंच, "गूळ न घालता."

माईंचा हात थांबला. "गूळ न घालता? मग आठ वर्षं मुकाट्यानं खातेस ती?"

"तुम्ही तशी करता म्हणून."

"अगं, मला मेलीला वाटायचं, तुला गोड लागतं! मला कुठं आवडतो कारल्यात गूळ? मी तुझ्यासाठी घालत होते!"

संध्याकाळी सरोजनं हे सांगितलं तेव्हा रंगूबाई पोटभर हसल्या. मग त्यांनी विचारलं, "अडलीस तेव्हा पोटात काय झालं?"

"पोटात?"

"हो. कारलं आवडतं एवढं सांगायला तुला इतका वेळ लागला. मधे काय होतं?"

सरोजला सांगता येईना. रंगूबाईंनीही जोर केला नाही. "असू दे. उद्या नीट बघ," म्हणून त्या समईत तेल घालायला उठल्या.

असं रोज चालू झालं. रंगूबाई उपदेश करत नसत. एखादा प्रश्न विचारत आणि उत्तर आलं नाही तर तो तसाच सरोजबरोबर घरी पाठवून देत. सरोज भांडी विसळताना तो घोळवी.

एका शनिवारी प्रभाकर म्हणाला, "उद्या ठाण्याला अण्णांकडे जाऊन येऊ या का?" अण्णा त्याचे काका. बाराही महिने पत्त्यांचा डाव मांडून बसत, आणि सरोज आत काकूंबरोबर पापडाचं पीठ कुटत बसे.

सरोजनं आधी आत पाहिलं. "नको," ती म्हणाली. "मला काळ्या तलावावर जायचंय. तुमच्याबरोबर. दोघंच."

प्रभाकरनं घाईघाईनं पेपर उचलला आणि उलटा धरला. थोड्या वेळानं पेपराआडून म्हणाला, "मला वाटायचं, माझ्याबरोबर कुठं जायला तुला आवडत नाही. चालेल म्हणायचीस ते नाइलाजानं."

त्या संध्याकाळी सरोज देवळात गेली ती रडवेली होऊनच. "मला वाटत होतं, माझ्यामुळं कुणाला त्रास नको. आणि हे बिचारे आठ वर्षं..." तिनं पदर डोळ्यांना लावला.

रंगूबाईंनी तिला रडू दिलं. मग विचारलं, "पोटात काय होतं, कळलं?"

"भीती वाटते. मला हवं ते मी बोलले, तर समोरचं माणूस उठून जाईल अशी."

"कोण उठून गेलं होतं?"

हा प्रश्न सरोजनं श्रावणभर वागवला. शेजारच्या मंगळागौरीची फुलपत्री निवडताना, सुमीची वेणी घालताना. आणि एक दिवस सुमीच्या परकराची खालची दुमड उसवता उसवता तिला आठवलं. आई गेली तेव्हा ती सुमीएवढीच होती. भिवंडीच्या मामांनी तिला घरी आणलं. दिवाळीला मामेबहिणींना नवी परकर-पोलकी शिवली. मामीनं एक जुनं पोलकं तिच्यापुढं धरलं आणि विचारलं, "तुला हे चालेल ना गं?" तिला नवं हवं होतं, हिरवं. पण ती म्हणाली, "चालेल." मामीनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "शहाणी माझी पोर."

"आई गेल्यावर माझ्या डोक्यावरून कुणी हात फिरवला, तो पहिल्यांदा तेव्हा," सरोज रंगूबाईंना म्हणाली. "मग मी म्हणतच राहिले."

रंगूबाईंनी हात पुढं केला, तिच्या डोक्यापाशी नेला आणि मधेच थांबल्या. "फिरवू?" त्यांनी विचारलं.

"फिरवा," सरोज म्हणाली.

भाद्रपदात गौरींना प्रभाकरची थोरली बहीण हेमा नागपूरहून आली. तिचे यजमान वनखात्यात मोठ्या हुद्द्यावर. बंगला, बाग, दारात शाळा. पदरात मूल मात्र नव्हतं आणि आता होण्याची आशाही नव्हती. सुमीवर तिचा फार जीव. गौरी जेवल्या, आणि दुपारी विड्याची पानं पुसता पुसता तिनं विषय काढला.

"माई, प्रभाकर, सुमीला मला द्या. मी तिला डॉक्टर करीन. तुम्हाला अजून होतील."

माईंच्या डोळ्यांत पाणी आलं. पोटची पोर पदर पसरून मागत होती. त्यांनी मुलाकडे पाहिलं. प्रभाकर अडकित्त्याशी चाळा करत म्हणाला, "सरोज म्हणेल तसं."

"वहिनी काय म्हणणार?" हेमा हसली. तिच्या मनात वाईट काही नव्हतं. "वहिनीनं कधी कशाला नाही म्हटलंय?"

सगळे सरोजकडे पाहू लागले. सरोजच्या तोंडात तो शब्द आयता येऊन बसला होता. नेम नसता तर तिनं तो उच्चारलाही असता, आणि सुमीची ट्रंक भरायला घेतली असती. तिनं ओठ मिटले. "मला वेळ हवा," ती म्हणाली. "भाऊबीजेला तुम्ही याल तेव्हा सांगते."

"नेम इतका ताणू नये गं," माई पुटपुटल्या.

देवळात सरोजनं रंगूबाईंचे पायच धरले. "तुम्ही सांगा, काय करू."

"मी सांगितलं की तू मान डोलावशील. म्हणजे तोंडानं सोडलंस ते मानेनं केलंस. हेमाची दया येते?"

"येते. खरंच येते. वन्सं रात्री सुमीच्या अंगावरचं पांघरूण सारखं करतात, ते बघवत नाही. तिकडं सुमीचं भलंही होईल."

"आणि?"

"आणि सुमी नसलेलं घर डोळ्यांपुढं आणलं की मला श्वास घेता येत नाही."

"दोन्ही खरं आहे," रंगूबाई म्हणाल्या. "दोन्ही जवळ ठेव. घाई करू नकोस."

भाऊबीजेला हेमा आली ती सुमीसाठी जरीकाठी परकर-पोलकं घेऊन. हिरवंगार. प्रभाकरला ओवाळून झालं, आणि तिनं सुमीला मांडीवर घेतलं. "मी सांगितलं होतं ना, आमच्याकडं हरणाचं पाडस आहे? येशील ना माझ्याकडं? कायमची राहायला?"

सुमीनं बापाकडं पाहिलं, आजीकडं पाहिलं, मग आईकडं पाहिलं. परकराची जर बोटानं चाचपली.

"चालेल," ती म्हणाली.

"शहाणी माझी पोर!" हेमानं तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

सरोजच्या हातात ओवाळणीचं ताट होतं. ते तिनं पाटाशेजारी ठेवलं. निरांजन हललं, पण विझलं नाही.

"नाही, वन्सं," ती म्हणाली. "मला सुमी इथं हवी आहे."

"सरोज!" माई म्हणाल्या.

हेमाचा चेहरा पडला. सुमीला खाली उतरवून ती उठली आणि आतल्या खोलीच्या दारापर्यंत गेली. सरोजच्या पोटात भीतीचा जुना गोळा उठला. माणूस उठून चाललं होतं. तरी तिनं शब्द मागं घेतला नाही.

"तुमचं काही चुकलं नाही," ती हेमाच्या पाठीकडे पाहत म्हणाली. "हवं ते तुम्हाला मागता येतं. मला आत्ता कुठं येतंय. पण सुमी आत्ता जे म्हणाली ना, ते मी तिच्याएवढी असताना म्हणायला शिकले. ते तिनं माझ्याकडून उचललंय. तेवढं तरी मला तिच्याकडून परत घेऊ द्या."

मग ती सुमीपुढं उकिडवी बसली. "आत्याला तू हो म्हणालीस. पण तुला काय हवंय? काहीही सांग. कुणी रागावणार नाही, कुणी रुसणार नाही."

सुमीला ते खरं वाटेना. ती बराच वेळ आईचं तोंड निरखत राहिली. "मला पाडस बघायचंय," शेवटी ती हळूच म्हणाली. "आणि त्याला पाला घालायचाय. आणि मग घरी यायचंय." थोडं थांबून तिनं विचारलं, "परकर परत द्यावा लागेल?"

प्रभाकरला हसू फुटलं आणि ते रडण्यासारखं बाहेर आलं. दारातली हेमा वळली. डोळे पुसत येऊन पुन्हा पाटावर बसली. "नाही गं बाई," ती म्हणाली. "परकर तुझाच."

त्या संध्याकाळी रंगूबाईंनी नेहमीचं विचारलं, "आज कुठं अडलीस?"

"आज अडले नाही."

"आणि भीती?"

"होती. वन्सं उठूनही गेल्या." सरोजनं समईची वात पुढं सारली. "पण परत येऊन बसल्या."

हेमा नागपूरला गेली. माई मात्र सरोजशी कामापुरतंच बोलू लागल्या. पोरीची रिकामी ओटी त्यांना दिसत होती, आणि सून चुकली असंही म्हणवत नव्हतं.

कार्तिकी एकादशी आली. देवळात बायकांनी सरोजला घेरलं. "वांगी सोडली की उद्यापनाला वांगी दान द्यायची. तू काय देणार?"

"शब्दच द्यायचा," रंगूबाई म्हणाल्या. "एकदाच. पण आत बघून, तिथं भीती नसेल तेव्हा. आणि ज्याला त्याची गरज असेल त्याला."

द्वादशीला सकाळी माई शेगडीवर भरताचं वांगं भाजत बसल्या होत्या. चार महिन्यांनी त्या वासानं घर भरून गेलं होतं. सरोज मिरच्या घेऊन शेजारी बसली. माईंनी वांगं फिरवलं, पुन्हा फिरवलं, आणि त्याच्याकडेच पाहत म्हणाल्या, "उन्हाळ्याच्या सुटीत सुमीला नागपूरला धाडू. महिनाभर. मी जाते बरोबर, आणि मीच घेऊन येते. तोवर हेमाला जरा..." त्या थांबल्या. आजवर सुनेला त्यांनी असं काही विचारलं नव्हतं. त्या सांगत, आणि सरोजचं उत्तर ठरलेलं असे. "तुला कसं वाटतं?"

सरोजनं घाई केली नाही. आत पाहिलं. सुमीशिवायचा महिना तिथं होता, जड होता. पांघरूण सारखं करणारी हेमा होती. पाडसाला पाला घालणारी सुमी होती. गोळा कुठं दिसला नाही.

"चालेल, माई," ती म्हणाली.

माईंनी वर पाहिलं. धुरानं म्हणा, आणखी कशानं म्हणा, त्यांचे डोळे लाल झाले होते. त्यांनी वांगं ताटलीत काढलं, साल सोलली, आणि विचारलं, "कांदा कच्चा घालू की परतून?"

"कच्चा," सरोज लगेच म्हणाली. "आणि भरपूर."