दहा ग्रॅमचा दोरा

वजने तपासण्याच्या त्या कार्यालयात पितळी वजनांची जेवढी काळजी घेतली जाई, तेवढी माणसांची घेतली गेली असती तर ही कथा लिहिण्याची वेळच आली नसती. वजनाला उघडे बोट लागता कामा नये, कारण बोटाच्या घामाने वजन बिघडते. म्हणून प्रत्येकाच्या हाती रबरी हातमोजे. हातमोज्यांनी बोट बिघडते का, हा प्रश्न मात्र नियमावलीत नव्हता. आणि नियमावलीत नसलेला प्रश्न मुख्य तपासनीसांच्या, म्हणजे साहेबांच्या, डोक्यात शिरण्याची वाट अद्याप कोणी काढलेली नव्हती.

सहा महिन्यांपूर्वी रुजू झालेल्या मदतनीस मुलीला गेले दोन महिने हा प्रश्न छळत होता. हातमोजे चढवले की मनगटापर्यंत पुरळ उठे, शिंका सुरू होत आणि हात कोपरापर्यंत असा हुळहुळा होई की बाहीचे कापड घासले तरी ती कळवळे. फाइल देताना कोणाचे बोट लागले की हात झटकन मागे. सहकाऱ्यांनी तिचे नाव ‘लाजाळू’ ठेवले. कामापेक्षा नावे ठेवण्यात त्या कार्यालयाची गती बरी होती.

आज तिला कायम करायचे की घरी पाठवायचे, हे साहेबांना संध्याकाळपर्यंत लिहून द्यायचे होते. ‘काम टाळण्याची वृत्ती’ हे शब्द त्यांचे सुवाच्य अक्षरांत लिहून झाले होते. सही तेवढी बाकी होती.

“पुरळ मला दिसतं, बाई,” साहेब म्हणाले. “पण पुरळ मनगटाशी संपतं आणि तुमचं दुखणं कोपरापर्यंत जातं. एकाच अर्जात शिंका, खाज आणि दुखणं! आम्ही नेमकं काय खरं मानायचं?”

“तिन्ही खरी आहेत, साहेब.”

“मग दात दुखायचा तेवढा का सोडलात?”

शेजारच्या टेबलावर कोणीतरी खुसखुसले. त्याच खोलीच्या कोपऱ्यात वार्षिक आरोग्यतपासणीसाठी आलेल्या वयस्क डॉक्टरीणबाई कोणाचा तरी रक्तदाब मोजत होत्या. त्यांनी कानातली नळी काढली.

“साहेब, तुमच्या तराजूचा काटा शून्यावरून सरकला, तर हलकं वजन कसं दिसेल?”

“जड दिसेल. त्यात वजनाचा दोष नाही.”

“हिच्या हातात तेच झालंय. रबर शत्रू आहे असा शरीराचा गैरसमज झालाय. त्याला तोंड द्यायला ज्या पेशी धावतात, त्या मज्जातंतूंच्या टोकांना चिकटूनच बसलेल्या असतात. त्या जी द्रव्यं सोडतात त्यांनी खाज सुटते, पुरळ उठतं, आणि दुखणं कळवणारे तंतूही बिथरतात. मग नुसता स्पर्शही त्यांना मार वाटतो. एकदा बिथरले की पुरळाच्या हद्दीबाहेरही ओरडतात. सगळे धागे आम्हाला अजून उलगडलेले नाहीत. पण हे सोंग नाही.”

“हे तुमचं म्हणणं झालं. मोजून दाखवा.”

डॉक्टरीणबाईंनी पिशवीतून एक दांडी काढली. तिच्या टोकाला आडवा बसवलेला नायलॉनचा जाड दोरा होता. साखरेचा आजार असलेल्यांचे पाय बधिर झालेत का, हे त्या त्याने पाहत. “हा दहा ग्रॅमच्या दाबाला वाकतो. त्याहून जास्त दाब पडूच देत नाही.”

साहेबांनी त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही. त्यांनी दोरा स्वतः तराजूच्या पारड्यावर टेकवला. दहा ग्रॅम. पुन्हा दहा. पाच वेळा टेकवला, पाचही वेळा काटा दहाच्या आसपासच थांबला. मग साहेब दोऱ्याकडे ज्या आदराने पाहू लागले, तो त्यांनी दोन महिन्यांत त्या मुलीला एकदाही दाखवला नव्हता.

दोरा साहेबांच्या हाताला लागला, तेव्हा काहीतरी टेकल्यासारखे वाटले, इतकेच. मुलीला डोळे मिटायला सांगितले. डॉक्टरीणबाई कधी तिच्या कोपराजवळच्या स्वच्छ कातडीवर दोरा टेकवत, कधी नुसताच हवेत धरत. हवेत धरला की ती गप्प. टेकला की ओठ आवळून “दुखलं.” बारा वेळा. एकदाही चूक नाही.



“मला हे ठाऊक नव्हतं,” साहेब म्हणाले.

“दोन महिने मी हेच सांगत होते, साहेब,” मुलगी डोळे न उघडताच म्हणाली. “दोरा काही वेगळं बोलला नाही.”

साहेबांनी अहवाल फाडला. दुसरा लिहिला: ‘कायम करावे. रबरी हातमोजे बंद करून सुती द्यावेत.’ सही करून ते उठले, तिच्यासमोर आले, आणि खांद्यावर हात ठेवण्यासाठी उचललेला हात त्यांनी वेळीच मागे घेतला. “चुकलो मी,” ते म्हणाले. हे तेवढे त्यांनी तराजूवर न घालता सांगितले.

वाचकहो, त्या खोलीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत एक सूचना होती: ‘मोजण्यापूर्वी आपला काटा शून्यावर आहे, याची खात्री करा.’ साहेब रोज सकाळी त्या सूचनेखालीच बसत. दहा ग्रॅमच्या दोऱ्याच्या शब्दाला वजन, आणि चालत्याबोलत्या माणसाच्या शब्दाला नाही, ही लाज त्या एका कार्यालयाची नाही. आपल्या घरातही कोणीतरी ‘दुखतंय’ म्हणत असेल आणि आपण जखम शोधत असू. दुसऱ्याचे दुखणे खोटे ठरवण्यापूर्वी ती सूचना वाचावी. सरकलेला काटा बहुधा आपलाच असतो.